मलकापूरची खुर्ची

हंबीरराव चौगुले बालसदनात काळजीवाहक म्हणून लागले, त्याआधी त्यांचं निम्मं आयुष्य एका सिनेमा थिएटरच्या दारात गेलं होतं. कोल्हापुरात त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं मुश्कील, कारण सिनेमा बघत नाही असा माणूस सापडणं मुश्कील. थर्ड क्लासच्या दारात त्यांनी हात आडवा लावला की लागला. मग समोर कुणी का असेना. "अर्ध्या तिकिटावर मिशी घेऊन आलाईस व्हय रं?" असं म्हणत त्यांनी कॉलेजच्या पोरांना बखोट धरून बाहेर काढलं होतं, आणि एकदा तर स्वतःच्या मेव्हण्यालासुद्धा.

एका नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला गर्दी अशी उसळली की दाराच्या काचा फुटायच्या बेतात आल्या. हंबीररावांनी काठी उचलली नाही की शिट्टी मारली नाही. नुसता आवाज टाकला आणि पब्लिक पार रस्त्यापलीकडच्या पानपट्टीपर्यंत मागं सरकलं. बालसदनाचे खजिनदार अण्णा शेटे त्या गर्दीत होते. (ब्लॅकनं तिकीट घेऊन आले होते, पण ते असो.) त्यांच्या मनात आलं, आपल्या पोरांना आवरायला असाच माणूस पाहिजे. महिन्याभरात हंबीरराव थिएटरच्या दारातून बालसदनाच्या दारात आले.

त्यांनी बालसदनही थिएटरसारखंच चालवलं. जेवणाच्या खोलीच्या दारात तोच आडवा हात. रात्री झोपायच्या खोलीत बॅटरीचा झोत एकेका तोंडावरून फिरायचा, प्रत्येक जण आपापल्या जागेवर आहे का ते बघायला. नवीन पोरगं आलं की त्याला सांगायचे, "डाव्या अंगाला, भिंतीकडची सीट. हाल पुढं." पोरं त्यांना मामा म्हणत. मामांनी कधी कुणावर हात उचलला नाही. कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात उशाशी बसून राहत. फक्त पोरांना काही विचारायचं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. डोअरकीपरला आयुष्यात एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचं उत्तर समोरच्याच्या हातात असतं.

अशा या कडेकोट बंदोबस्तातून पळून जाणारं एकच पोरगं होतं आणि तेही एका पायानं अधू. ज्ञानू त्याचं नाव. पोलिओनं डावा पाय गेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. आई वारलेली, बाप मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. शाळा आणि पायाचा इलाज व्हावा म्हणून मावशीनं त्याला बालसदनात आणून घातलं होतं. धडधाकट पोरं भिंतीवरून उडी मारायला भीत आणि हा गडी कुबडी टेकत फाटकातून निघून जाई. दर खेपेला सापडायचा तो मलकापूरला, त्याच मावशीच्या घरी. हंबीरराव एस.टी.नं जायचे, रस्त्यावर उभे राहून हाक मारायचे, "ज्ञानू, चल!" आणि पोरगं मुकाट बाहेर यायचं. एकदा त्यांनी वाटेत विचारलं, "का पळालास रं?" पण ते अशा आवाजात की पुढच्या बाकावरची बाई दचकून सरळ झाली. ज्ञानूनं मान खाली घातली. संपलं विचारणं.

आणि मग १९७९चं आंतरराष्ट्रीय बालवर्ष उजाडलं. सुपरिंटेंडेंट गणपतरावांनी हंबीररावांना बोलावून सांगितलं, "अनाथ, अपंग, निराधार मुलांच्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण आहे. दहा दिवस. इथंच, कोल्हापुरात."

"मला काय शिकिवणार सायेब? पोरं आत, दार बंद, झालं की!"

"जावं लागेल. वरून आदेश आहे."

दिवाळीच्या सुट्टीत एका शाळेच्या हॉलमध्ये वर्ग भरला. जिल्ह्यातून वीस-पंचवीस माणसं आली होती. पहारेकरी, स्वयंपाकीण, वसतिगृहाच्या बाया. शिकवायला पुण्याहून श्यामला गाडगीळ नावाच्या बाई आल्या होत्या. अंगानं काडी, चष्मा जाड आणि बोलणं छापील. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आपल्याला बालकाच्या भावविश्वात प्रवेश करायचा आहे."

प्रवेश म्हटल्यावर हंबीररावांचे कान उभे राहिले. "तिकीट लागतंय का पास चालतोय?"

हॉल हसला. बाईही हसल्या, आणि चांगल्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. तेव्हा हंबीररावांना वाटलं, बाई तशी वाईट नाही. पण बाईंची एक खोड त्यांच्या डोक्यात जायला लागली. कुणीही आपल्या संस्थेतल्या पोराची काही तक्रार सांगितली, की बाई शांतपणे विचारायच्या, "तुम्ही त्याला विचारलंत का?" पोरगं अंथरुणात मुततंय. विचारलंत का? पोरगी जेवत नाही. विचारलंत का? हंबीरराव शेजारणीला म्हणाले, "ही बाई भिंत पडली तर भिंतीला इच्यारंल."

शेजारीण म्हणजे हुसेनबी. इचलकरंजीला मुक्याबहिऱ्या मुलींच्या वसतिगृहात त्या देखरेखीला होत्या. सगळा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी गेलेला, त्यामुळं त्यांचा आवाज हंबीररावांच्या तोडीचा. दोघं शेजारी बसून कुजबुजायचे तेव्हा मागच्या ओळीलाही सगळं ऐकू जायचं.

चौथ्या दिवशी अपंग मुलांचा विषय निघाला. हंबीरराव उठून म्हणाले, "बाई, खरं सांगू का? आमच्यात ज्ञानू म्हणून एक लंगडं पोरगं हाय. त्याला काय बी कमी न्हाय. सगळं आयतं. तरीबी पळतंय. ही पोरं जरा नाटकी असत्यात बगा."

"मग करून दाखवा की नाटक!" हुसेनबी म्हणाल्या. "पाय बांधून एक दिस काढा. मग बोला."

"काढतो! त्यात काय हाय?"

बाईंना ही कल्पना फार आवडली. त्या म्हणाल्या, "उत्तम! हंबीरराव, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्ही ज्ञानू. हुसेनबी, तुम्ही काळजीवाहक. आजच तो संस्थेत परत आलाय, असं समजा."

शाळेच्या अडगळीतून बाकाच्या दोन फळ्या काढल्या. हंबीररावांचा डावा पाय त्यांच्यात धरून हुसेनबींनी मांडीपासून घोट्यापर्यंत कापडी पट्ट्यांनी आवळला आणि शेवटी मांडीच्या मागं गाठ मारली. "मागावरची गाठ हाय ही," त्या म्हणाल्या. "तुटंल, पण सुटायची न्हाय." कुबडी म्हणून नकाशा अडकवायचा बांबू दिला. मग त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि हंबीररावांचाच आवाज काढला.

"नाव?"

"हंबी... ज्ञानू."

"मोठ्यानं! खिशात काय हाय? काढ. घड्याळ काढ. चपला काढ. टोपी कुणी दिली? ठेव तिकडं. आमच्यात आपली वस्तू आपल्याजवळ ठेवायची पद्धत न्हाय."

पाकीट गेलं, घड्याळ गेलं, तंबाखूची डबी गेली. सहा फुटी हंबीरराव अनवाणी, बोडके, एका पायावर उभे. हॉल खदाखदा हसत होता.

"आता सांग. का पळालास?"

ज्ञानू भिंतीकडून दुसऱ्या सीटवर झोपतो, त्याला उजवी चप्पल आणि डावा बूट लागतो, पळाला की मलकापूरला जातो. यापलीकडं त्यांना त्या पोराचं काही ठाऊकच नव्हतं.

"म्हाईत न्हाय," ते पुटपुटले.

"म्हाईत न्हाय म्हणं! तोंडात मिठाची गुळणी धरलीस व्हय रं?"

श्यामलाबाई पुढं आल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हंबीरराव, तुम्ही त्याला कधी विचारलंत का?"

झालं! हंबीररावांचं टाळकंच सरकलं. "असं व्हय? थांबा. ज्ञानू पळाला बरं का!" असं म्हणत ते बांबू टेकत हॉलच्या बाहेर पडले. नाटक फारच रंगलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एस.टी. स्टँडपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा विचार होता. पण हंबीरराव चौगुले पाय बांधून रस्त्यानं निघालेत म्हटल्यावर गावाला राहवेना. "मामा, पडलासा व्हय?" "कुठल्या डॉक्टरनं बांधलं हे?" "डॉक्टर कुठला, सुतारानं बांधलंय!" उत्तरं देत देत स्टँड गाठेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आला. मलकापूरची गाडी फलाटाला लागलेली. तिची पायरी बघून त्यांना प्रश्न पडला, एवढ्या उंच पायरीवर ते पोरगं चढतंय कसं? बघावं म्हणून त्यांनी बांबू आत टाकला, दांडा धरला, तेवढ्यात मागून कुणीतरी "चला पावणं, चला" म्हणून ढकललं, आणि गाडी सुटली.

कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला. हंबीरराव म्हणाले, "पैसं न्हाईत. पाकीट जमा करून घेतलंय."

कंडक्टर त्यांच्याकडं बघतच राहिला. "वळखलं का मला?"

"न्हाय बा."

"मी जोतीराम. ल्हान असताना दुसऱ्याच्या आडोशानं तुमच्या दारातनं आत शिरलो हुतो. तुमी हिरोला व्हिलननं पकडल्यावर मला पकडलासा. पाया पडलो, म्हटलं शेवटची फायटिंग तेवढी बघू द्या. काय म्हणालासा आठवतंय?"

"काय म्हणालो?"

"तिकीट न्हाय तर भाईर."

"अरं मर्दा, ते थेटर हुतं!"

"आणि ही यष्टी हाय," जोतीराम म्हणाला आणि त्यानं दोरी ओढली. केर्लीच्या फाट्याला हंबीरराव, बांबू आणि बांधलेला पाय, असे तिघं खाली उतरले.

आता खरी पंचाईत झाली. सकाळी प्रशिक्षणात मिसळ होती आणि वर तीन वेळा चहा. पोटानं बंड पुकारलं. समोर ऊस उभाच होता, आडोशाला तोटा नव्हता. हंबीरराव आत शिरले आणि तिथं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की माणसाला गुडघा कशासाठी दिलाय. बसता येईना. पाय पुढं काढून बघितला, तोल जाई. बाजूला काढून बघितला, तोही बेत बरा नव्हता. दोन ऊस मुठीत धरून हळूहळू खाली जाऊ लागले, तर दोन्ही ऊस कडाकड मोडले आणि ते पाण्याच्या पाटात पडले. गाठ सोडायला बघितली, तर ती मांडीच्या मागं, भिजून आणखी घट्ट झालेली. शेवटी शर्ट पिळून, दातावर दात धरून ते रस्त्यावर आले.

एका मालट्रकवाल्याला दया आली. त्यानं पोत्यांवर जागा दिली. वाघबीळपासून बांबवड्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा हंबीररावांनी मोजला नाही, पण सोसला. मलकापुरात उतरल्यावर ते थेट तात्या सुताराच्या, म्हणजे ज्ञानूच्या मावशीच्या नवऱ्याच्या घरापुढं गेले. या घरासमोर ते किती वेळा उभे राहिले होते, पण उंबरा कधी ओलांडला नव्हता.

ज्ञानूची मावशी दारात गहू निवडत होती. सगळी आळी तिला अक्का म्हणे.

"कोण पावणं?"

"मी हंबीरराव. कोल्हापूरच्या बालसदनातला."

"तुमीच व्हय ते रस्त्यावरनं वरडणारं?" अक्का घाबरून उठली. "पोरगं परत पळालं का काय?"

"न्हाय, न्हाय. आज मी पळालोय." हंबीररावांच्या कपाळावर घाम आला होता. "अक्का, बाकी सगळं मागनं सांगतो. आदी परसाकडंला कुठं जायचं ते सांगा."

अक्कानं त्यांच्या फळ्या बांधलेल्या पायाकडं बघितलं. एक शब्द विचारला नाही. म्हणाली, "मागल्या दारी जावा. ज्ञानूची खुर्ची हाय तिथं."

मागच्या दारी, तट्ट्याच्या आडोशात, एक लाकडी खुर्ची होती. दणकट, दोन्ही बाजूंना हात असलेली, बैठकीला मधोमध गोल भोक पाडून कडा रंध्यानं गुळगुळीत केलेल्या. खाली बादली. हंबीरराव त्या खुर्चीवर बसले. थिएटरच्या बाल्कनीतल्या गादीवर ते मालकाच्या मेहेरबानीनं एकदा बसले होते, पण ते सुख या सुखापुढं काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर तात्यांनी पटाशीनं गाठ कापली. अक्कानं चहा ठेवला. हंबीररावांनी बशी हातात घेतली आणि जन्मात नव्हता काढला एवढा हळू आवाज काढून विचारलं, "अक्का, ज्ञानू पळून का येतोय?"

"आता कसं सांगू तुमास्नी?" अक्का लाजली आणि तात्यांकडं बघायला लागली.

तात्याच बोलले. "पावणं, तुमच्या तिथं संडासात खाली बसावं लागतंय. ह्याला येत न्हाय. फरशीबी निसरडी. दोनदा पडला. मग चार-चार दिस दाबून धरतंय पोरगं. प्वाट दुखाय लागलं की जेवत न्हाय आणि लईच झालं की येतंय हितं. दुसरं कायबी न्हाय बगा. तुमच्यातली आमटी आवडती त्याला."

"मग सांगायचं न्हाय व्हय मला?"

"सांगणार हुतं," अक्का म्हणाली. "पर म्हणतंय, मामाला सांगितलं तर मामा वरडून इच्यारणार, 'काय? संडासला हुईना?' आणि सगळ्या पोरास्नी कळणार."

हंबीररावांनी चहा बशीतच ठेवला. तसं झालं असतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "तात्या, ही खुर्ची मी न्यू का?"

"न्या की. मी दुसरी करतो. घरात आता म्हातारीबी हिच्यावर बसाय लागलीया."

खुर्ची राखेनं घासूनपुसून लख्ख केली. संध्याकाळच्या गाडीला तात्या तिकिटासकट त्यांना बसवायला आले. कंडक्टर परत जोतीरामच. हातात तिकीट, पायात तात्यांच्या जुन्या चपला आणि डोक्यावर खुर्ची घेतलेले हंबीरराव बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"हे काय आणिक?"

"खुर्ची."

"दिसतंय. मधी भोक का?"

हंबीररावांनी त्याच्या कानात सांगितलं. ज्ञानूचं नाव न घेता, नुसतं एका पोरासाठी म्हणून. जोतीरामचा चेहरा बदलला. "आत घ्या," तो म्हणाला. "टपावर नको, मोडंल."

गाडी खचाखच भरली. बांबवड्याला एक म्हातारी चढली, तिला जागा मिळेना. तिनं मधल्या वाटेत खुर्ची बघितली आणि "बरं झालं बाई" म्हणत ऐसपैस बसली. जोतीरामनं हंबीररावांकडं बघितलं, हंबीररावांनी खिडकीबाहेर. कोल्हापूर येईपर्यंत म्हातारी एस.टी.च्या नव्या खुर्च्यांचं कौतुक करत होती. "वारंबी खालनं चांगलं येतंय," असं तिनं शेजारणीला सांगितलं.

हॉलवर हलकल्लोळ माजला होता. दुपारपासून सगळे हंबीररावांना शोधत होते. आपण माणसाचा अपमान केला, या धास्तीनं श्यामलाबाई जेवल्या नव्हत्या. सवयीनं तिकडंच गेले असतील म्हणून हुसेनबी त्यांच्या जुन्या थिएटरात गेल्या होत्या आणि चालू खेळात अंधारात "हंबीरराऽऽव" म्हणून अशी हाक मारली होती की मशीनवाल्यानं सिनेमा थांबवला. त्यानंतर मात्र त्या उरलेला सिनेमा बघूनच आल्या.

हंबीररावांनी खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवली. "बाई," ते म्हणाले, "इच्यारून आलो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. उसातलं सांगताना लोक हसले, खुर्चीचं सांगताना कुणी हसलं नाही. श्यामलाबाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "मी तेवढं 'विचारा' म्हणत होते. कसं विचारायचं, ते मी कुठं सांगितलं? चुकलंच माझं. उद्याचा वर्ग त्यावर घेऊ." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला हळू बोलायचा सराव दिला. त्यात हंबीरराव आणि हुसेनबी दोघंही नापास झाले.

बालसदनात खुर्ची बसवणं काही सोपं गेलं नाही. गणपतराव म्हणाले, "शौचालयात फर्निचर? कमिटीची मंजुरी लागेल. उद्या टेबल मागतील पोरं." हंबीररावांनी वाद घातला नाही. खजिनदार अण्णा शेटे महिन्याच्या भेटीला आले. त्यांचे गुडघे बरीच वर्षं कुरकुरत होते. जेवणानंतर त्यांनी संडास कुठं म्हणून विचारलं, तेव्हा हंबीररावांनी त्यांना मोठ्या अदबीनं शेवटच्या खोलीकडं नेलं, जिथं त्यांनी खुर्ची गुपचूप आणून ठेवली होती. अण्णा बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते उजळ तोंडानं. मंजुरी जागेवर मिळाली, आणि तात्यांना मलकापूरला आणखी एक खुर्ची करायचा निरोप गेला. ती मात्र अण्णांच्या घरी पोचवायची होती.

ज्ञानूला कुणी काही समजावून सांगितलं नाही. हंबीररावांनी त्याला फक्त शेवटच्या खोलीची किल्ली दिली आणि जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "तुझी हाय ही. मधनं-मधनं अण्णास्नी द्यायची." पोरगं किल्लीकडं आणि मग त्यांच्याकडं बघत राहिलं. पळणं त्या दिवसापासून थांबलं. महिन्याभरात त्याच्या गालावर मांस आलं.

पण एक नवीनच भानगड सुरू झाली. संध्याकाळी हंबीरराव पायरीवर बसले की ज्ञानू कुबडी टेकत यायचा, शेजारी टेकायचा आणि बोलायला लागायचा. मामा, घोंगडं टोचतंय. मामा, केस कापणारा कान धरून वढतोय. मामा, गणिताचं मास्तर फळ्यावर पुसट लिवत्यात. त्याचं बघून बाकीची पोरंही येऊन बसायला लागली. हंबीररावांना पायरीवरून उठता येईना. श्यामलाबाईंनी विचारायला शिकवलं होतं, पण पोरं एकदा सांगायला लागली की थांबवायचं कसं, ते काही त्या दहा दिवसांत आलं नव्हतं.

एका रविवारी कुणीतरी देणगीदारानं मटण दिलं होतं. त्या संध्याकाळी ज्ञानू आला, तो गंभीर तोंडानं.

"मामा, एक इच्यारू?"

"इच्यार बाबा."

"मटणातली नळी आमास्नी कुणालाच कशी येत न्हाय? बकऱ्याला पाय असत्यात की."

हंबीररावांनी विचार केला. खरंच, त्यांच्याही ताटात कधी आली नव्हती. ते उठले, धोतर झटकलं आणि स्वयंपाकघराकडं चालायला लागले. मागोमाग सगळी पोरं.

"थांबा इथंच," ते वळून म्हणाले. "मी इच्यारून येतो."

त्यांनी विचारलं. बालसदनाच्या बाहेर, पार थिएटरसमोरच्या पानपट्टीपर्यंत, सगळ्यांना ऐकू आलं.